राहून गेलेलं कुर्रर्र

राजाजीनगर, बेंगळुरू
१४ जुलै २०२४

चि. सौ. रूपश्रीस,
पवित्राअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल, अशी सुरुवात करायची असते म्हणून करते. खरं-खोटं पुढे कळेलच.

बसवंतानं तनयचा पालथं पडण्याचा व्हिडिओ पाठवला. आधी डोकं, मग एक पाय, मग सगळा गडीच पालथा! ऑफिसात दाखवून दाखवून मी लोकांना वीट आणला. नाक तुझं आहे, हट्ट मात्र आमच्याकडचा.

अक्काला कागद कुठून सुचला म्हणशील. फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस आणि तनय रडतोय म्हणून ठेवून देतेस. तो बिचारा बऱ्याचदा रडत नसतो. मोबाईलवर लिहावं तर बसवंत वाचणार. धाकट्या भावाला हे सांगायची मला लाज वाटते. तुलाही सांगायची वाटते, पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

निपाणीला बारशात मी ऐन वेळी पाटावरून उठून गेले. बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून तयार, आणि बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्याच गायब! शेवटी शेजारच्या कौशल्यामावशींनी कुर्रर्र केलं. परत आल्यावर मी म्हणाले, ऑफिसचा फोन होता.

रूपा, फोन पर्समध्ये होता आणि पर्स तूच तुझ्या कपाटात ठेवली होतीस. तेव्हा थाप तुला त्याच क्षणी कळली असणार. मी न्हाणीत होते.

तीन वर्षं झाली, माझं ओटीपोट दुखतं. लघवी साठायला लागली की आतून कुणी चिमटे काढावेत तसं होतं, आणि जाऊन आले तरी पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. आधी सगळे इन्फेक्शनच्या गोळ्या देत होते. तपासण्या मात्र स्वच्छ. एक डॉक्टर म्हणाले, मन रमवा. कुठे रमवू? सिनेमा अर्ध्यात सुटतो. बसचा प्रवास बंद, चहा बंद, चिंचेचं सार बंद. मेट्रोच्या कुठल्या स्टेशनात बाथरूम कुठे, ते मात्र तोंडपाठ. ह्यांच्या जवळ जायचीसुद्धा भीती वाटते. हे गरम पाण्याची पिशवी भरून आणून देतात. त्यानं मला जास्तच रडू येतं.

बारशाला येताना वाटेत जायला लागू नये म्हणून आदल्या दुपारपासून मी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तो शहाणपणा अंगाशी आला, दुखणं दुप्पट झालं. न्हाणीच्या दाराआडून कुर्रर्र ऐकलं, बायकांचं हसणं ऐकलं. भिंतीला धरून मीही "तनय" म्हणाले. नाव मीच सुचवलेलं, आणि सांगितलं बादलीला.

नंतर कानावर आलं, पवित्राला मूल नाही, तिला पाळणा बघवला नाही. हे तू बोललेली नाहीस, मला ठाऊक आहे. पण तुलाही तसं वाटलं असेल तर दोष माझ्या थापेचा. मूल नाही याचं वाईट वाटतं गं, नाही असं नाही. पण आपल्या तनयचा पाळणा मला बघवला नाही, असं कधीच मनात आणू नकोस.

हल्ली मल्लेश्वरमच्या एका डॉक्टरबाईंकडे जाते. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "नोवु इदे अंद्रे इदे." दुखतंय म्हणजे दुखतंय. एवढ्यावर मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. मूत्राशयाचं जुनाट दुखणं आहे म्हणतात. पूर्ण जाईल असं वचन देत नाहीत, पण व्यायामानं आणि औषधानं थोडा उतार आहे.

उष्टावणाचं आमंत्रण ग्रुपवर आलं. मला ते चालत नाही, मला तू बोलव. बेळगावपर्यंत मी रेल्वेनं येईन. पुढे बसवंतानं गाडी दोनदा थांबवायची आणि का म्हणून विचारायचं नाही. बसायला दारालगतची खुर्ची दे. मध्येच उठले तर लोकांना सरळ सांग, अक्का न्हाणीत गेलीय, येईल. थाप मारू नकोस.

आणि तनयच्या कानात माझं राहिलेलं कुर्रर्र मला एकदा करू दे. दुखतं ते पोट. पाठ अगदी ठणठणीत आहे. पहिला धपाटा तूच घाल, आणि जोरात घाल.

तुझ्या हाताची वाट पाहणारी,
तनयची आत्या