काजिवारासानांचे पाय

हामादा, ६ मार्च १९९४

चि. नोबुको हिस,
अ. उ. आ.

सुकी मासळी पाठवली आहे. तुझ्या घरच्या बुद्धाला वास चालत असेल तरच आत भाजा.

आता आमच्या नव्या फादरांचं ऐक. फादर ओकुदा माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाचे. उपवासकाळ सुरू झाल्यापासून त्यांना एकच ध्यास लागलाय, ख्रिस्ताला जपानी माणसाच्या दारातून आत आणायचं. जणू इतकी वर्षं तो खिडकीतून येत होता! पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, कारण शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे धुतले. मठाच्या शाळेत मदर क्लेमांस गुडघे टेकून आपले पाय धुवायच्या आणि तू गुदगुल्या होतात म्हणून खिदळायचीस, आठवतं ना?

तर यंदा फादर म्हणतात, पाय नकोत. आपल्याकडे चारचौघांत मोजे काढायला लावणं ही सेवा नाही, शिक्षा आहे. म्हातारी माणसं त्या दिवशी सर्दीचं निमित्त करून घरी बसतात. त्याऐवजी सगळे आत गेले की ते स्वतः दारात गुडघे टेकून प्रत्येकाचे बूट पुसणार आणि निघताना सहज पायात सरकवता येतील असे बाहेरच्या बाजूला तोंड करून लावणार. घरी पाहुण्यासाठी आपण हेच करतो म्हणे, आणि प्रभू या देशात जन्मला असता तर त्यानेही हेच केलं असतं.

मी सभेत उभी राहिले आणि विचारलं, मग भाकरीच्या जागी भाताचा गोळा आणि द्राक्षारसाच्या जागी चहा कधीपासून? शुभवर्तमानात पाय लिहिले आहेत, बूट नाहीत. बिशपांना कळवावं लागेल, असंही ऐकवलं. फादर वाकून बरं म्हणाले. पाय धुतले जातील, आणि माणसं जमवायचं काम माझ्याकडे.

शेवटची जागा भरायला मी काजिवारासानांना धरलं. आपल्या स्टेशनचे जुने स्टेशनमास्तर, ते पांढऱ्या हातमोज्यांचे. बायको फुमिसान गेल्यापासून मागच्या बाकावर एकटेच बसतात. म्हणाले, दुसरं कोणी मिळालं तर पाहा, गारठा फार आहे. मी सगळ्यांसमोर विचारलं, का हो, पायांना सोनं लागलंय की काय? सगळे हसले. तेही हसले आणि हो म्हणाले.

कळावे. माझ्यावरची माया त्या मासळीसारखी सुकू देऊ नकोस.

तुझी ताई,
शिझुए

कानाझावा, १४ मार्च १९९४

ती. शिझुएताईस,
सा. न. वि. वि.

मासळी पोचली. बुद्धाने तक्रार केली नाही, शेजारणीने केली. इथे अजून बर्फ आहे आणि ह्यांची पाठ पुन्हा धरली आहे.

सासरी आल्यापासून मी चर्चची पायरी चढलेली नाही, तेव्हा माझ्या मताला किंमत नाही हे ठाऊक आहे. तरी सांगते. मदर क्लेमांसपुढे मी गुदगुल्यांनी खिदळत नव्हते. माझ्या मोज्याला भोक होतं आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलींना ते दिसत होतं. हसले नसते तर रडले असते.

त्या स्टेशनमास्तरांना एकटं गाठून पुन्हा एकदा विचार. चारचौघांत तुला नाही म्हणायची हिंमत कोणात आहे, ताई? हे म्हणतात, तुझ्या बहिणीलाच बिशप करायला हवं होतं, बिशप तरी सुधारले असते.

रागावलीस तरी चालेल, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
नोबुको

हामादा, २ एप्रिल १९९४

चि. नोबुको हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वेळेवर आलं होतं. मी ते वाचून हसले आणि खणात टाकलं. काजिवारासानांना पुन्हा विचारलं नाही.

परवा गुरुवार झाला. वेदीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे घरून पाय घासूनपुसून, नवे कोरे मोजे घालून आले होते. दारात काजिवारासानांचे बूट तेवढे आरशासारखे चमकत होते. ते शेवटच्या खुर्चीवर बसले. टॉवेल धरायचा मान मी स्वतःकडे घेतला होता.

त्यांना वाकून मोजा काढता येईना. फादरांनी काढला. नोबुको, त्या पायांची नखं जाड, पिवळी, वळून मांसात शिरलेली होती. इतकी वर्षं ती फुमिसान कापत असणार, आणि ती गेली. गुरुवारी चारचौघांत पाय उघडे करायचे म्हणून त्यांनी स्वतःच काहीतरी प्रयत्न केला होता. कशाने ते देव जाणे, बागेतल्या कात्रीनेसुद्धा असेल. दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. पाण्यात त्या सुटल्या आणि भांड्यातलं पाणी लाल झालं.

काजिवारासान खाली मान घालून माफी मागत होते, फादरांची, माझी, बहुतेक त्या भांड्याचीही. फादर जरा सरकले, लोकांच्या नजरेसमोर स्वतःची पाठ भिंतीसारखी केली, आणि सावकाश, अगदी सावकाश तो पाय धुऊन त्याचं चुंबन घेतलं.

आणि मी? टॉवेल माझ्या हातात होता. मी दुसरा आणते असं पुटपुटले, मागच्या खोलीत गेले आणि गाणं सुरू होईपर्यंत बाहेर आले नाही. पाय कशाने पुसले ते मला माहीत नाही.

उद्या ईस्टर. मला तिथे पाऊल ठेववत नाही, पण जाणार आहे. आशीर्वाद देणारीनेच आज तुझ्याकडे थोडी माया मागितली आहे.

शिझुए

कानाझावा, ७ एप्रिल १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ह्यांना बोलावलं, ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यांची नखं कापली. ह्यांनाही वाकवत नाही, कधीचं वाकवत नाही. घराबाहेर कोणाला माहीत नाही आणि माहीत झालेलं ह्यांना खपणार नाही. मी आधी गेले तर ती कोण कापणार, हे मात्र मनात आलं नव्हतं.

लगेच माफी मागायला धावू नकोस. तुझं धावणंही अंगावर येतं.

काळजीत आहे. दोन ओळी तरी टाक.

नोबुको

हामादा, १९ एप्रिल १९९४

चि. नोबुको हिस,
अ. उ. आ.

धावायची वेळच आली नाही. ईस्टरला ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. गळाबंद कोट, हातात दुकानाच्या कागदात बांधलेला गोड वड्यांचा डबा. म्हणाले, माझ्यामुळे पवित्र दिवशी सगळ्यांना त्रास झाला, बाईंची तर फारच पंचाईत झाली, क्षमा असावी. आणि माझी ही जीभ, जिला कधी कोणी गप्प करू शकलं नाही, ती सवयीने काय बोलून गेली, सांगू? छे छे, मनावर घेऊ नका, असं होतं कधी कधी.

मी त्यांना क्षमा केली, नोबुको! डबा घेतला. ते सुटल्यासारखे वाकत वाकत फाटकाबाहेर गेले आणि मी दारात डबा धरून उभी. अजून तो उघडलेला नाही. टाकवतही नाही.

नंतर मी त्यांच्या घरी गेले. आत टीव्ही चालू होता. मी हाक मारल्यावर बंद झाला. दार उघडलं नाही.

फादरांपाशी जाऊन सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता ऐकवतील. तर म्हणाले, दोष माझाही आहे. काजिवारासान गुरुवारच्या आदल्या आठवड्यात त्यांच्याकडे येऊन, जमलं तर मला वगळा, असं सांगून गेले होते. फादर म्हणाले, तुम्ही पुन्हा सभेत उभ्या राहाल या भीतीने मी त्यांना धीर धरा म्हटलं. म्हणजे देवाच्या माणसाने मला भिऊन एका म्हाताऱ्याला एकटं टाकलं. बिशपांना कळवण्याची धमकी देणारी मी, मला कोणाला कळवायचं?

काजिवारासान त्यानंतर चर्चला आलेच नाहीत. घरात एकटा माणूस, आठवड्यातून ते एक ठिकाण होतं त्यांचं. मी ठरवलंय, आता मासुदा गावच्या चर्चला गाडीने जाईन. माझं तोंड दिसलं नाही तर ते येतील.

तुझ्या ताईला वाऱ्यावर सोडू नकोस.

शिझुए

हामादा, ९ मे १९९४

चि. नोबुको हिस,
अ. उ. आ.

ते आले. काल फादरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. मागच्या बाकावर बसले, गाणीही म्हणाले. मग निघताना माझ्या रिकाम्या जागेकडे पाहून विचारलं, बाई आजारी आहेत का? खोटं बोलणं फादरांना जमत नाही. त्यांनी मासुदाचं सांगितलं. काजिवारासानांनी टोपी हातात फिरवली म्हणे. मग म्हणाले, त्यांची जागा इतक्या वर्षांची, माझ्यामुळे सुटायला नको, पुढच्या रविवारपासून मी येत नाही.

आता मी गेले नाही तर ते घरी बसणार. म्हणजे मला गेलंच पाहिजे, आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यासमोर उभं राहिलं पाहिजे. आयुष्यभर मुलींना मान वर करून उभं राहायला शिकवलं, नोबुको. आता तूच सांग, कोणतं तोंड घेऊन जाऊ?

उत्तर रविवारच्या आत येऊ दे. तेवढाच आधार.

शिझुए

कानाझावा, ११ मे १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आहे तेच घेऊन जा. दुसरं या वयात कुठे मिळणार?

माफी मागू नकोस. तू मागितलीस तर तुझं ओझं उतरेल आणि त्यांना भर चर्चमध्ये पुन्हा ते भांडं आठवेल. तुझी लाज तुझ्याजवळच राहू दे, त्यांना वाटून देऊ नकोस. तो डबाही उघड आणि खा. कशा होत्या विचारलं तर छान होत्या म्हणता आलं पाहिजे.

दारात भेट होईल, ते वाकतील. इथे सांभाळ. लहानपणापासून बघतेय, वाकण्यातही तुला पहिला नंबर लागतो. समोरच्याहून खाली जातेस आणि तिथेच थांबतेस, बिचाऱ्याला उठायची सोय उरत नाही. या वेळी थोडंच वाक आणि त्यांच्या आधी सरळ हो. लोक म्हणतील, बाईंना अजूनही अक्कल आली नाही. म्हणू देत. काजिवारासानांना वाटू दे की त्यांनी तुला सांभाळून घेतलं.

मग आपल्या जागेवर जाऊन बस आणि मागे वळून पाहू नकोस.

मी इथे बुद्धापुढे बसून तुझ्या देवाची आठवण काढीन. त्या दोघांचं काय ते ते बघून घेतील.

तुझी,
नोबुको