‘बरं’ वगळून

४ जून

ताईंचा आवाज मधेच तुटला. कोर्टातलं मोठं भाषण चालू होतं. “माझ्या अशिलानं” इथपर्यंत सगळं खणखणीत, आणि पुढे नुसती हवा! काचेपलीकडे त्यांचे ओठ हलत होते, इकडे हेडफोनमध्ये काही नाही. मामांनी आधी वायर हलवून बघितली. रेकॉर्डिंगवाला माणूस, त्याला आधी वायरच आठवणार. मग ताईंनी गळ्याकडे बोट दाखवलं.

स्टुडिओ आज लवकर बंद. मी अर्धी लिहिलेली ओळ तशीच ठेवून आले. त्या परदेशी मालिकेतल्या वकीलबाईचा मराठी आवाज म्हणजे ताई. मी इथे मराठी संवाद लिहायला लागल्यापासून माझ्या ओळी त्याच बोलतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मला त्या ऐकूच येत नाहीत.

६ जून

स्वरतंतूवर गाठ. शस्त्रक्रिया करायची. नंतर बरेच दिवस बोलायचं नाही — कुजबुजायचंसुद्धा नाही.

ताईंच्या यजमानांनी फोनवर सांगितलं. “लग्न झाल्यापासून जे मागत होतो ते आता मिळतंय बघ,” म्हणाले. मी हसले. मग फोन ठेवला त्यांनी.

७ जून

नवा फोन आला म्हणे. मंचावर एक माणूस गहिवरून सांगत होता की जग बदलणार. दादानं त्याच्या रिपेअरिंगच्या गाळ्यात बसून तो कार्यक्रम बघितला आणि घरी येऊन जाहीर केलं, “मागच्या फोनला पाठीवर तीन डोळे होते, याला चार. असंच चाललं तर पुढचा कोळीच काढतील.”

मी म्हटलं, बॅटरी उघडता येते का? नाही — चिकटवलेली! मला याचाच राग येतो. माणसानं घेतलेली वस्तू माणसाला उघडता येऊ नये, हे कसलं पुढे जाणं? दादा म्हणाला, “ओरडू नका, पदवीधर. आमचं पोट त्या चिकटपणावर आहे.”

तरी माझा यंत्रांवर राग नाही. दादानं गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या भागांतून मला पहिला संगणक जोडून दिला होता. चालू झाला की मिक्सरसारखा ओरडायचा. त्याच्यावरच मी मराठी टाइप करायला शिकले, कॉलेज केलं. घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. यंत्र चांगल्या हातात असलं की माणसाला वर काढतं, असं मला मनापासून वाटतं. हसू देत कुणी.

१० जून

साहेबांनी बोलावलं. चॅनेल थांबायला तयार नाही. भाग ठरल्या वारी गेलाच पाहिजे. दोन-चार बायकांचे आवाज मागवलेत, त्यांतला एक वकीलबाईला देऊन टाकायचा.

मी उभीच राहिले! ताईंच्या जागी दुसरी एकदा बसली की उठणार नाही, हे मला कळतं. या धंद्यात खुर्ची गरम राहते, माणूस नाही. म्हणून मीच म्हटलं — आपल्याकडे ताईंची इतकी रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यांवरून संगणकाला त्यांचा आवाज शिकवू. त्या परत येईपर्यंतच. म्हणजे जागा त्यांचीच राहील, आवाजही त्यांचाच.

साहेब माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होते.

ताई गळ्याला मफलर गुंडाळून आल्या होत्या. शस्त्रक्रियेआधीही त्यांना बोलायची मनाई. फोनवर टाइप करून त्यांनी साहेबांसमोर धरलं : “मी आले की परत मीच ना?”

“म्हणजे काय!” साहेब म्हणाले.

जिन्यात ताईंनी माझा गाल धरला. बोलता येत असतं तर म्हणाल्या असत्या, गुणाची गं पोर ती. मला ऐकू आलंच ते.

१४ जून

पहिली चाचणी. मामांनी यंत्राचं बारसं आधीच करून टाकलंय — धाकटी! “थोरली आजारी, धाकटी कामाला लागली. चहा मागत नाही, शिंकत नाही, नवऱ्याचा फोन येत नाही. सून असावी तर अशी.”

कोर्टातली भाषणं धाकटीनं फाडफाड म्हटली. अंगावर काटा आला. ताईच!

मग अडलं ते एका शब्दावर. प्रसंग असा — वकीलबाईची मुलगी सांगते, मी घर सोडून चाललेय. परदेशी नटी काही बोलतच नाही जवळजवळ. ओठ मिटते, उघडते. मी लिहिलं होतं, “बरं.” ओठ मिटायला ब आयता मिळतो. आणि ताई ते असं म्हणाल्या असत्या की त्यात हरणंही आलं असतं, रागही, आणि दार उघडं आहे हेही.

धाकटी म्हणाली, “बरं.” जणू कुणी पत्ता सांगितला आणि तिनं लिहून घेतला.

मामा खुर्चीवरून पडायचे बाकी. “ही आई नाही गं, ही चौकशीची खिडकी आहे!”

१५ जून

दिवसभर बरं, बरं, बरं! खाली, वर, लांबवून, तोडून. फोन ठेवतानाचं बरं जमतं तिला, बाकी एकही नाही. बघून घेईन तुला असलं बरं नाही. तुझंच खरं असलं बरं नाही. आपण एका शब्दाला किती कामांना जुंपतो, कधी लक्षातच आलं नव्हतं.

चॅनेलला भाग संध्याकाळी हवा होता. ते “बरं” तिथे तसं गेलं असतं तर त्यांनी लगेच म्हटलं असतं, आवाज बनावट आहे, दुसरी बाई घ्या. मग मी ओळच बदलली. “ठीक आहे, जा.” धाकटीनं झकास म्हटली. पण ठीक आहे-ला ओठ मिटत नाहीत! मी तोंड पाडून बसले. साहेब म्हणाले, “ओठांची काळजी सोड. नवं सॉफ्टवेअर चित्रातले ओठच बदलतं.”

म्हणजे मी इतके दिवस ओठ मिटवणारे प, ब, म शोधत बसायचे, ते कशाला?

असो. भाग गेला. ताईंची जागा वाचली.

२२ जून

“अगं” गेलं. “हं” गेलं. “होय का!” गेलं. “बाई बाई बाई” तर पहिल्याच दिवशी गेलं. धाकटीच्या तोंडी जे बसत नाही ते मी लिहिताना आधीच गाळते. हात आता आपोआप वळतो. काम दुप्पट वेगानं होतंय. चॅनेलकडून निरोप : नवे भाग फार स्वच्छ आहेत.

बातमी वाचली — वारलेल्या एका नटाला कुठल्याशा सिनेमात संगणकानं पुन्हा उभं करणार आहेत. निर्माता म्हणतो ही श्रद्धांजली आहे. दादा म्हणाला, “मेल्यावरसुद्धा सुट्टी नाही गड्याला.” मी त्याला समजावायला गेले की ताईंचं वेगळं आहे, ताई जिवंत आहेत, त्यांना विचारून केलंय. तो स्क्रू शोधत होता. ऐकलं की नाही, माहीत नाही.

३० जून

ताईंकडे गेले होते. शस्त्रक्रिया नीट झाली. उशीला टेकून बसल्या होत्या, समोर टीव्हीवर आमचाच भाग. यजमान म्हणाले, “बघ माझं नशीब! बायको गप्प बसलीय आणि तरी घरात तिचाच आवाज.”

ताई हसल्या नाहीत. टीव्हीकडे बघत टाइप करत होत्या. मला दाखवलं : “हिला राग का येत नाही?”

मी म्हटलं, येतो की, कोर्टात—

“घरी,” त्यांनी टाइप केलं. मग पुढे : “मुलगी निघून गेली आणि ही ठीक आहे म्हणते. मी उभ्या जन्मात कुणाला ठीक आहे म्हटलं नाही. तू असं लिहिलंस?”

मी सांगितलं. धाकटीला जमत नाही म्हणून, तुमची जागा राहावी म्हणून. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. फोन उलटा ठेवला.

८ जुलै

काही नाही लिहिण्यासारखं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, नुसत्या ओळी.

१३ जुलै

आई म्हणाली, “तुझी वकीलबाई हल्ली समजूतदार झालीय हो. आधी कशी फणकारायची!”

मी विचारलं, आवडते का मग? कंटाळा येतो?

“कंटाळा कसला? उलट बरं पडतं. ती बोलत असते, मी भाजी निवडते. आधी मेलं हातच थांबायचे.”

आईला मी यंत्राचं सांगितलेलं नाही. सांगून तिला काय कळणार, असं मनात आलं आणि स्वतःची लाज वाटली. तिला नेमकं कळेल, म्हणून नाही सांगितलं.

१९ जुलै

एका बड्या कंपनीनं विक्रमी नफा जाहीर केला आणि त्याच आठवड्यात हजारो माणसं काढली. निरोपाच्या पत्रात : तुमच्यामुळेच आम्ही इथवर पोचलो. कोण लिहीत असेल असली वाक्यं? कुणीतरी भाषेत पदवी घेतलेलीच असणार. माझ्यासारखी.

२६ जुलै

साहेबांनी मला मराठी विभागाची प्रमुख केलं! आणखी काही मालिका माझ्याकडे. सगळ्या धाकटीसारख्या आवाजांवर. “तुझ्या ओळी यंत्राला पचतात,” म्हणाले. त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं.

घरी आनंदीआनंद. दादा आइस्क्रीम घेऊन आला, गाळ्यातल्या गिऱ्हाइकांना फोन करकरून सांगत होता, “आमची प्रमुख झाली, प्रमुख!” त्याचं शिक्षण माझ्यासाठी थांबलं हे तो कधी बोलत नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या.

५ ऑगस्ट

ताईंचा फोन! टाइप केलेला नाही — बोलत्या ताई! “अगं पोरी, मी बोलतेय गं, ओळखलंस का?” आवाज थोडा खाली उतरलाय. जरा खरबरीत, पण ताईच. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

पुढच्या भागाच्या ओळी मी आज पुन्हा लिहायला घेतल्या. सगळं परत घातलं. बरं, अगं, हं, होय का! ओठ मोजून. प, ब, म शोधून. कितीतरी दिवसांनी लिहिल्यासारखं वाटलं.

९ ऑगस्ट

ताई माईकसमोर! या भागात मुलगी परत येते, दारात उभी राहते आणि म्हणते, मी राहायला नाही आले. आणि वकीलबाई — “बरं.”

ताईंनी आधी श्वास घेतला. मग ब वर ओठ जरा जास्तच वेळ मिटून ठेवले. बस, एवढंच. मामा बटणांशी उगाचच खेळत बसले, मग म्हणाले, “थोरली ती थोरली.” ताई काचेपलीकडून : “काय पुटपुटताय हो? पुन्हा घ्यायचं का?” — “नको, बाई. पुन्हा घेतलं तर मी घरी जाईन.”

भाग पाठवला.

१२ ऑगस्ट

चॅनेलचं उत्तर. “मुख्य पात्राचा नवा आवाज जुळत नाही. प्रेक्षक गोंधळतील. कृपया जुनाच ठेवावा.”

मला आधी अर्थच लागेना. नवा कुठला? मग साहेब म्हणाले, “जुना म्हणजे धाकटी. आता लोकांच्या कानात तीच बसलीय ना.” खाली आणखी एक ओळ : संवादही आधीसारखे स्वच्छ असावेत.

मी भांडले. अगदी आवाज चढवून. म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता, त्या आवाजाची मालकीण जिवंत आहे, बाहेर बाकावर बसलीय! साहेब शांतपणे म्हणाले, “मी कुठे नाही म्हणतोय? पण चॅनेलला जुळणारं हवंय. आणि कल्पना कुणाची होती?”

मी राजीनामा देईन म्हटलं. “दे,” म्हणाले. “तुझ्या ओळींवरून शिकून यंत्र बऱ्यापैकी लिहायला लागलंय.”

बाहेर आले. मला काहीच सांगावं लागलं नाही. दार नीट लागत नाही त्या केबिनचं. ताईंनी पर्स उचलली, मला म्हणाल्या, “तू नोकरी सोडायची नाहीस. घरी तुझ्यावर डोळे लावून बसलेत.” आणि जिना उतरल्या.

१३ ऑगस्ट

गेले नाही कामावर. दादाला सगळं सांगितलं. त्यानं एकही चेष्टा केली नाही. त्याचंच फार वाईट वाटलं.

१४ ऑगस्ट

राजीनामा लिहून घेऊन गेले होते. ताई माझ्या आधी आलेल्या. मामांकडून धाकटीचे सगळे भाग मागून घेतले होते, हेडफोन लावून एका कोपऱ्यात ऐकत बसल्या होत्या. मधेमधे थांबवायच्या, मागे न्यायच्या, ओठांतल्या ओठांत म्हणून बघायच्या. जेवायलाही उठल्या नाहीत. चारच्या सुमाराला माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि आजच्या भागातली एक ओळ म्हटली. सपाट, स्वच्छ, श्वास न घेता.

“जुळलं का गं आता?”

जुळलं होतं.