दादासाठी स्कोप

४ फेब्रुवारी, रविवार
खोटारडा! सख्खा मोठा भाऊ म्हणून काय झालं, खोटारडा तो खोटारडाच.

एअरसॉफ्टमध्ये, म्हणजे आमच्या खेळण्यातल्या बंदुकांच्या लढाईत, पंच नसतो. प्लास्टिकची गोळी लागली की ज्याची त्याने हात वर करायचा आणि बाहेर पडायचं. सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. आज मी दादाला डाव्या हातावर दोनदा टिपलं. साहेब जागचे हलले नाहीत. वर मलाच म्हणतो, "लागलीच नाही रे. तुझा नेम गेलाय." सगळे हसले. माझं डोकंच फिरलं.

७ फेब्रुवारी
रायफलला नवा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. गोळी लागताना दिसलीच पाहिजे — मग बघतो कसा नाही म्हणतो.

दुकानदार शहाणपण शिकवत बसला. "एवढ्या अंतराला चारपट पुष्कळ. सोळापट घेतलात तर आजूबाजूचं काही दिसायचं नाही. आणि खेळताना गॉगल असतो ना, डोळा तेवढा जवळ जात नाही, मग नुसतं काळं दिसतं." सोळापटच उचलला. आजूबाजूचं बघायचंय कुणाला? एक माणूस दिसला की झालं.

९ फेब्रुवारी
वहिनीचा फोन. "त्याला जरा समजवा हो. इस्त्रीने मनगटावर हा एवढा फोड आलाय, आणि म्हणतो कधी भाजलं कळलंच नाही."
म्हणजे घरीही तीच नाटकं.

११ फेब्रुवारी, रविवार
दुकानदार बरोबर होता, मेला. स्कोपमध्ये नुसता काळा गोल. दिवसभर मीच मार खाल्ला. दादा म्हणे, "छोट्या, चंद्र बघायला आलायस का?"

सरळ मैदानवाल्या काकांकडे गेलो. तो लबाडी करतो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि सांग. त्याला मैदान कायमचं बंद करतो."
बघणारच.

१८ फेब्रुवारी, रविवार
स्कोप थोडा मागे सरकवून बसवला होता. दिसला! बाही दुमडलेली, डावा हात भिंतीवर टेकलेला, मनगटावर तो फोड. चेहराही समोर. नेम धरला, सोडली.

गोळी बरोबर फोडावर बसली. फोड फुटला, ओघळ आला. दादाची पापणीसुद्धा लवली नाही. हात तसाच भिंतीवर. दुसरीकडे बघत तो आपला शीळ घालत होता.

मी बघतच राहिलो. इतकं नाटक कुणाला जमत नाही. राग कुठल्या कुठे गेला.

काकांनी विचारलं, "काय रे, लागली ना?"
"नाही लागली," म्हटलं.

१९ फेब्रुवारी
दादाला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या हातावर सुई टोचत वरपर्यंत गेले. दादा डोळे मिटूनच म्हणाला, "करा की सुरू, डॉक्टर."