बूट पसंत होईपर्यंत

३ फेब्रुवारी, सकाळी

लेकीशी करार झाला. तिला रेसिंगच्या ट्रॅकवर मोटरसायकल चालवायची आहे. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणाऱ्या आया वेगळ्या. मी एवढंच म्हटलं, बूट मी निवडणार, आणि ते मला पसंत पडेपर्यंत ट्रॅकवर जायचं नाही. ती म्हणाली, डन आई. बूट तुझे, बाकी सगळं माझं. नवख्यांची शर्यत २३ मार्चला आहे. म्हणजे सात आठवडे. बूट निवडणं काय, एका दुपारचं काम.

संकल्प: घाई करायची नाही.

५ फेब्रुवारी

वाचन सुरू. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं वाचूनच शिकले. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून जे छापलेलं हाती लागेल ते वाचते, बुटांची माहितीपत्रकं काय अवघड आहेत?

घोट्याच्या दोन्ही बाजूंना कवच हवं. पाय पुढेमागे वळावा, आडवा वळू नये. करंगळीच्या बाजूला घासपट्टी असते, स्लायडर म्हणतात, ती झिजली की बदलायची. लेबलवर चार आकडे असतात, प्रत्येक एक किंवा दोन; दोन म्हणजे जास्त मजबूत. आपल्याला चारही दोनच हवेत.

नणंदेला फोनवर हे सगळं समजावलं. ती म्हणाली, वहिनी, शर्यतीत तुम्ही उतरताय का?

८ फेब्रुवारी

दुकानात गेलो. पहिलीच जोडी, अडतीस नंबर, चारही आकडे दोन. लेकीने पाय घातला आणि म्हणाली, मोज्यासारखा बसलाय गं. दुकानदारही म्हणाला, मावशी, यांच्या पायासाठीच बनलाय.

मी झिप बघितली. एकेरी शिलाई. तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, सोळा वर्षं हे बूट विकतोय, झिपेची तक्रार नाही. म्हटलं, मी एकवीस वर्षं लोकांच्या झिपा बदलतेय. त्याने खोका बंद केला. म्हणजे मुद्दा पटला. जोडी घेतली नाही.

परत येताना लेकीच्या मागे बसले. डोळे मिटून घेतले होते. रस्त्यावर धूळ फार.

१५ फेब्रुवारी, दुपारी

दुसरी जोडी मागवून घेतली. आमचा दोघींचा नंबर एकच, म्हणून चाचणी स्वतःवर केली. घोट्यावर लाटणं मारलं. दुखलं नाही. मग इस्त्री मारली. तेव्हाही दुखलं नाही, पण झिप अडकली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. मी तशीच उठून कोट दिला. बाई माझ्या पायांकडे बघत राहिल्या. म्हटलं, फरशी गार पडते.

जिना उतरायला गेले तर घोटा वळेना. एकेक पायरी खेकड्यासारखी उतरले. नापसंत.

लेक म्हणाली, आई, हे चालायचे बूट नसतात. म्हटलं, मग बूट कशाला म्हणतात?

उद्या ट्रॅकवर सरावाचा दिवस होता, तो आता हुकणार.  ती कामाला जाते त्या वर्कशॉपला सुट्टी असूनही तिकडे निघून गेली. कुणाचं तरी इंजिन उघडून बसली असेल.

२४ फेब्रुवारी

तिसरी जोडी आली. अडतीसऐवजी चाळीस नंबर. माझ्याच हातून लिहिताना चूक झाली. वय झालं की आकडे हलतात. बदलून यायला दोन आठवडे लागतील, त्याला इलाज नाही.

नणंद म्हणाली, वहिनी, शिवणात तुमचा कधी पाव इंच चुकला नाही. इस्त्री चालू होती म्हणून फोन ठेवावा लागला.

२ मार्च, दुपारी

नणंद घरीच आली. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि सरळ म्हणाली, वहिनी, दादा मोटरसायकलवरून नाही गेला. म्हटलं, मला माहीत आहे. म्हणाली, मग पोरीला का धरून ठेवलंय? म्हटलं, मी कुठे धरलंय, दुकानात चांगला माल येईना.

ती गेल्यावर मशीनवर बसले. दोन पँटी आखूड करायच्या होत्या, एकच झाली.

हे जिन्यावरून घसरले. पायात सपाता होत्या, मी आणलेल्या. हात लावून मऊ आहेत एवढंच बघितलं, तळ उलटून बघितला नाही. हे नणंदेला सांगितलं नाही. इथेही परत लिहिणार नाही.

संकल्प: याच आठवड्यात बूट घ्यायचे.

६ मार्च

घेतले! पहिल्या दुकानातली पहिलीच जोडी. एकटी जाऊन आणली. दुकानदार म्हणाला, मावशी, झिपेचं काय झालं? म्हटलं, माणसाने मन मोठं ठेवावं.

लेकीने खोका उघडला आणि मला उचललंच. खाली ठेव म्हटलं, अजून पसंत म्हटलेलं नाही. आणलेत, आता तपासायला नकोत?

११ मार्च, सकाळी

चार दिवस बूट समोर ठेवून विचार केला. कवच आत असतं. माहितीपत्रकात त्याचं चित्र आहे, पण चित्र कुणीही काढेल. आमच्या धंद्यात अस्तर उसवल्याशिवाय कोटाची लायकी कळत नाही.

उसवलं. कवच होतं. कंपनी प्रामाणिक निघाली. पण माझ्या नजरेला जरा पातळ वाटलं. दोन गिऱ्हाइकांच्या कोटांतून काढलेले खांद्याचे पॅड पडून होते, जाड, चांगल्या प्रतीचे. चार पॅड, दोन घोट्यांच्या चार बाजू. मेणाचा दोरा, दुहेरी शिलाई. कुणाला सांगून पटणार नाही की मध्ये हात फिरलाय. लेकीला सांगितलं नाही. उगाच आभार मानत बसेल.

१५ मार्च

लेकीने बूट घालून बघितले. घट्ट झालेत म्हणाली. म्हटलं, नवे आहेत, सैलावतील. म्हणाली, दुकानात तर बसले होते. म्हटलं, संध्याकाळी पाय सुजतात. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सकाळचे आठ वाजले होते.

मग विचारलं, पसंत? मी पसंत म्हटलं. आता मन शांत आहे. जेवण तेवढं जात नाही.

२३ मार्च, सकाळी ११, ट्रॅक

शर्यतीआधी कपडे आणि बूट तपासतात. तपासनीस जाड चष्म्याचा, माझ्याच वयाचा. त्याने डावा बूट हातात घेतला, वाकवला, घोट्यावर अंगठा दाबला. परत दाबला. मग खिशातल्या चाकूच्या टोकाने शिवण उसवली आणि खांद्याचा पॅड बाहेर ओढला. सगळ्यांना दिसेल असा वर धरून विचारलं, कोट कुठाय याचा?

रांगेतली माणसं हसली. लेक हसली नाही. तिने पॅडकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

बूट बाद. उसवलेला बूट ट्रॅकवर चालत नाही, असा नियम आहे. मला फार वाईट वाटलं. बाकावर बसून डबा उघडला. आठ दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली होती.

२३ मार्च, दुपारी १२

लेक कुठूनशी बूट घेऊन आली. एका रायडरबाईंनी त्यांचे जुने दिले. मी बसल्या जागेवरून माप घेतलं, चाळीस नंबर. आत दोन जोड मोजे घातले तरी पावलागणिक तिची टाच उचलली जात होती.

तपासनिसाने लेबल बघितलं, झिप, शिवण, स्लायडर बघितलं. सगळं शाबूत होतं. पास. तिच्या पायाला बसतात का, हे त्याने विचारलंच नाही.

मी बोलणार होते. पण हे बूट मोठे होतात म्हणायचं, तर पहिले नीट बसत होते असंही म्हणावं लागलं असतं. आणि तपासायचं काम त्याचं.

जाताना ती माझ्यासमोर थांबली. आई, हे पसंत आहेत का?

म्हटलं, तुझं तू बघ.

२३ मार्च, संध्याकाळी, हॉस्पिटल

तिसऱ्या वळणावर पडली. डोकं, पाठ, हात ठीक. डावा घोटा दोन ठिकाणी मोडला. पाय बुटाच्या आत फिरला. बुटाला ओरखड्यापलीकडे काही नाही. डॉक्टर म्हणाले, बूट उत्तम आहे हो, फक्त तिचा नाही.

मी म्हटलं, तपासनिसाने बघायला...

२५ मार्च

ऑपरेशन झालं. घोट्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. लेक शुद्धीवर आल्यावर म्हणाली, आता कवच आतच बसवलंय. उसवून बघू नकोस. परिचारिका हसली. मी बाहेर जाऊन नळ सोडून उभी राहिले.

३० मार्च, दुपारी

तिला घरी आणलं. पाय उशीवर ठेवून दिला आणि सांगून टाकलं. सपातांचंसुद्धा. मग म्हटलं, पहिली जोडी मला पहिल्याच दिवशी पसंत होती.

म्हणाली, माहितीये. दुकानातच कळलं होतं.

म्हटलं, मग एवढं थांबलीस कशाला? स्वतःच घ्यायचे होतेस.

म्हणाली, वाटलं, तूच सांगशील.

डॉक्टर सहा महिने म्हणतात. त्यानंतर ती परत जाणार. पाऊल थोडं बदलेल, माप नव्याने घ्यावं लागेल. बूट या वेळी ती स्वतः बघणार आहे. बरोबर येऊ का विचारलं. काही सुचवणार नाही, नुसती बसून राहीन म्हटलं.

म्हणाली, बघू.