चौदा महिन्यांची वाटणी

तुकुमान, १२ जून १९७०

प्रिय एल्विराताई,
सा. न. वि. वि.

तुझी लोकर पोचली. रंग म्हातारीचा आहे, पण मीही आता तरुण कुठे?

काल रेडिओवर सैन्यभरतीची सोडत झाली. ओळखपत्राचे शेवटचे तीन आकडे पुकारतात आणि पिंपातून क्रमांक लिहिलेली गोळी काढतात. क्रमांक मोठा तर लष्कर, लहान तर सुटका. माझ्या जुळ्यांचे क्रमांक लागोपाठचे. लाउरोच्या ४१६ला निघाले ६४०, म्हणजे चौदा महिने लष्कर. फेर्मिनच्या ४१७ला ०३८. तो सुटला. मी एका डोळ्याने हसले, एका डोळ्याने रडले. कुणावर रागावू तेच कळेना.

फेर्मिन जेवलाच नाही. ओळखपत्राच्या रांगेत तो पुढे होता म्हणे. त्यानेच लाउरोला म्हटलं होतं, तू हो पुढे, मी बुटाची नाडी बांधतो.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
ओर्तेन्सिया


रोसारिओ, ३० जून १९७०

चि. ओर्तेन्सियास,
अनेक आशीर्वाद.

लोकर म्हातारीची नाही, आपण शिकलो त्या मठातल्या मुलींच्या मोज्यांची आहे. विसरलीस?

आमच्या गल्लीतल्या कर्नलच्या पुतण्याचे तळपाय सोडतीनंतर अचानक सपाट झाले. तो सुटला. त्याच डॉक्टरांना मी ओळखते. लाउरोला पाठव. चुकतंय की बरोबर, मला ठरवता येत नाही. मदर पेर्पेतुआ असत्या तर कान उपटला असता, एवढं नक्की.

मुलांना गोड पापा.
तुझी थोरली,
एल्विरा


तुकुमान, २० सप्टेंबर १९७१

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जायचं तेव्हा लाउरोने ऐकलंच नाही. म्हणाला, आई, मी सुटलो तर माझ्या जागी कुणाच्या तरी आईचा मुलगा जाईल. फेब्रुवारीत गेला.

सात महिन्यांनी या शनिवारी पहिल्यांदा रजेवर आला. भावाला सोबत म्हणून फेर्मिननेही डोकं भादरलं होतं. दोघं मागच्या अंगणात खूप वेळ कुजबुजले. मी गेले की गप्प. रविवारी गणवेशातल्याला मी स्टेशनवर पोचवलं, रताळ्याच्या वड्या बांधून दिल्या, कपाळावर क्रूस काढला. त्याने मला नेहमीपेक्षा घट्ट धरलं.

आज सकाळी घरातल्याने दुधावरची साय बोटाने काढून बशीच्या कडेला लावली. ताई, फेर्मिन साय मागून खातो. बशीला लावतो तो लाउरो.

मी फेर्मिन अशी हाक मारली, त्याने ओ दिली आणि फेर्मिनच्या बेकरीत पीठ मळायला गेला. सात महिने झाले, सात उरले. तुला आठवतं, मदर पेर्पेतुआ केक कसा वाटायच्या? एकीने कापायचा, दुसरीने आधी उचलायचा. मीच हे पोरांना शिकवलं. एका सफरचंदासाठी शिकवलं होतं गं.

पकडले गेले तर दोघांनाही तुरुंग. लाउरोला परत जा म्हणू? म्हणजे एका मुलाला वाचवायला दुसऱ्याला धाडू? फेर्मिनला छावणीतून परत बोलावू? कसं? आणि गप्प बसले तर आई कसली मी? मघाशी प्रार्थनेत नाव घ्यायची वेळ आली आणि मी अडखळले.

आता छावणीत पत्र पाठवायचं आहे. तिथे पत्रं उघडून वाचतात. पाकिटावर लाउरोचं नाव घातलं. आत नुसतं ‘बाळा’ लिहिलं, आणि खाली, दुधावरची साय तुझ्यासाठी राखून ठेवते आहे.

हे पत्र वाचून चुलीत घाल. माया मात्र जपून ठेव.
तुझी,
ओर्तेन्सिया