गादीची चाळीस मिनिटं

प्रिय चिमणे,

तुझी खोली आईने रंगवून घेतली. रंग दोघांनी मिळून ठरवला, म्हणजे तिने ठरवला आणि मी हो म्हटलं. कॉलेजजवळच्या कारखान्याची ऑफर नाकारून तू घरी येणार, बाबांच्याच विभागात भिंगं घासणार, हे ती दारात येईल त्याला सांगते. मी शेजारी उभा राहून मान डोलावतो.

इकडची बातमी अशी, की आमचं काम परदेशी चाललं आहे. एकेकाळी बाहेरचे लोक आमची भिंगं बघायला यायचे आणि आम्ही कॉलर ताठ करून फिरायचो. आता अर्धी यंत्रं पेट्यांत भरून गेली. उरलेल्यांवर मी रोज कॅमेऱ्यासमोर काम करतो आणि तिकडे तुझ्याच वयाची एक मुलगी बघून शिकते. तिचं पहिलं भिंग पास झालं की आमचा विभाग बंद. तोवर मला राजीनामाही देता येत नाही, तशी सहीच घेतली आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

म्हणून मी एक लबाडी केली. पॉलिशच्या गादीने काचेचा आकार घ्यावा म्हणून ती आधी काचेवर दाबून ठेवावी लागते. कागदावर दहा मिनिटं आहेत, आम्ही चाळीस ठेवतो. हे कुठेच लिहिलेलं नाही. वस्तादांनी मला तोंडी सांगितलं, मी पुढच्यांना. तिला मात्र दहाच सांगितली. माझी गादी मी कॅमेरा लावायच्या आधीच दाबून ठेवायचो. तीन महिने तिची भिंगं नापास होत राहिली. तिचे साहेब तिच्यावर ओरडायचे आणि मी इकडे चहा प्यायचो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

परवा ती एकटीच कॅमेऱ्यासमोर आली. म्हणाली, सर, दोष माझ्या हातातच आहे, सोमवारी मला काढणार आहेत. तिने तळवे दाखवले, घासून घासून सोलवटले होते. माझी मलाच लाज वाटली. चाळीस मिनिटं सांगून टाकली. आज तिचं भिंग पास झालं.

तर पोरी, तू येणार होतीस तो विभाग मी स्वतःच्या तोंडाने बंद केला. फोनवर तुझा आवाज ऐकून हे सांगवलं नसतं, म्हणून लिहितोय. आईलाही अजून सांगितलेलं नाही. ती आत पडदे लावते आहे. ऑफरची मुदत संपली नसेल तर आजच हो म्हण. घरी ये, पण चार दिवसांची पाहुणी म्हणून ये.

तुझाच,
बाबा