हैदरच्या दुकानातली सायकल

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, सकाळ

तीर्थस्वरूप वच्छलाआक्का,

धाकट्या सांडूचा पत्रातूनच नमस्कार. (पत्रातून पाया पडलं की गुडघ्याला कळत नाही, ही एक सोय आहे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? पिशोरच्या बाजाराला अजून स्वतःच पिशवी घेऊन जातेस, की आता कुणाचं ऐकायला लागलीस? इकडे सगळे खुशाल आहेत. सूनबाई सोनिया खुशाल, तुझा भाचा सत्यम खुशाल. मी खुशाल आहे की नाही ते पत्र वाचून तूच ठरव. फोन का केला नाही म्हणशील, तर आमच्या घरात फोन म्हणजे चावडी आहे. सोनिया स्पीकर लावूनच हातात देते, आणि मला सांगायचंय ते चावडीवर सांगण्यासारखं नाही.

तर गोष्ट अशी की मी सायकल चालवतो. घाबरू नकोस. पोळ्याच्या आधी मी टीव्ही सेंटरजवळ सायकलवरून पडलो होतो, तुला आठवत असेल. पडलो म्हणजे उतरलोच, पण जरा लवकर. (उभ्या कारमधल्या माणसानं मागं न बघता दार उघडलं. दार उघडण्याआधी मागं बघावं, हे कारवाल्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.) कोपर खरचटलं तेवढं, पण सत्यमनं घर डोक्यावर घेतलं आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं की सायकल कायमची बंद. मी कबूल केलं. पण तेव्हा टीव्हीवर मॅच रंगात आली होती, आणि अशा वेळचा शब्द धरायचा नसतो. सायकल भंगारात देतो म्हणून बाहेर काढली आणि शहागंजला हैदरच्या दुकानात नेऊन ठेवली. हैदर म्हणजे वाळूजच्या कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर होता तो. आता सायकली दुरुस्त करतो. तेव्हापासून मी रोज सकाळी ‘चालायला’ जातो. सिडकोतून रिक्षानं शहागंज, तिथून पुढं सायकल. सत्यम आल्यागेल्याला सांगतो, आमच्या अण्णांनी बघा, चालून चालून तब्येत कशी कमावली.

या वयात हे खूळ कशाला, असं तू म्हणणारच. आक्का, घरात मी टीव्हीचा रिमोटसुद्धा विचारून घेतो. सायकलवर बसलं की कुणालाही न विचारता डावीकडं वळता येतं. वाटलं तर उजवीकडंही. एवढंच सुख आहे, पण ते माझं आहे, आणि ते गेलं तर मी दिवसभर खुर्चीत बसून जेवणाची वाट बघणारा माणूस होईन. तसली माणसं आमच्या कॉलनीत बरीच आहेत. मला त्यांच्यात बसायचं नाही.

आता रस्त्याचं ऐक. जालना रोडच्या कडेला काही ठिकाणी सायकलींसाठी पट्टा आखून ठेवलाय. पट्टा फार उपयोगाचा आहे. त्यावर नारळपाणीवाला उभा राहतो, त्याच्या मागं नारळपाणी पिणाऱ्यांच्या गाड्या, त्यांच्या मागं सवारीची वाट बघणारे रिक्षावाले. राहिलेल्या जागेतून सायकलवाल्यानं जायचं. बाजूनं शिफ्टची बस गेली की तिच्या वाऱ्यानंच माणूस निम्मा कडेला सरकतो. कारवाल्याला वाटतं आपण रोड टॅक्स भरलाय म्हणजे रस्ता सातबाऱ्यावर आला. सायकलवाल्याला वाटतं आपण धूर करत नाही म्हणजे आपण संतच, आणि संताला कसला आलाय सिग्नल!

गेल्या सोमवारी मोंढा नाक्याच्या अलीकडं समोरून एक पांढरी गाडी आली. (समोरून कशी, ते मागाहून सांगतो.) इतक्या जवळून गेली की तिचा आरसा माझ्या हँडलला घासला. मी डगमगलो, पाय टेकला. गाडी थोडी पुढं जाऊन थांबली, काच खाली आली आणि आतून आवाज आला, “ओ काका! मरायचं हाय का? घरी सांगून निघाले का?”

आवाज आपल्या सत्यमचा होता.

आक्का, माझ्या डोक्यावर हेल्मेट, तोंडाला दस्ती गुंडाळलेली. (उन्हामुळं इथं सगळेच हल्ली दरोडेखोरासारखे फिरतात.) मला ओळखणं शक्यच नव्हतं. आणि मी बोलणार तरी काय? घरी सांगून निघालो नव्हतो, हे तर खरंच होतं. गाडी निघून गेली. मागच्या काचेवर झोकात लिहिलेलं होतं, ‘आई-वडिलांची पुण्याई’. ती अक्षरं मी पसंत केली होती आणि त्याच गाडीला तू ओवाळलं होतंस. चाकाखाली लिंबं ठेवली तेव्हा केवढा नम्र उभा होता पोरगा!

 शिवीचं दुःख नाही. कंपनीत उमर गेली, शिव्या पचतात. पण दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या बापाला आपला मुलगा असा बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं. घरी मला ‘अण्णा, हळू’ म्हणणारा हाच. कान धरावा म्हटलं, तर तो पहिला प्रश्न विचारणार, अण्णा, तुम्ही तिथं काय करत होते? म्हणजे त्याला सुधारायचं तर माझी सायकल जाते, आणि सायकल ठेवायची तर पोरगा बिघडतो. त्या रात्री जेवताना तो ताटाकडं बघून एवढंच म्हणाला, “अण्णा, ऊन लई वाढलंय. आता काही दिवस चालायला जाऊ नका.” घरच्या बापासाठी एवढी माया आणि रस्त्यावरच्या काकांसाठी एवढीशी नाही!

काल आम्ही करमाडला साखरपुड्याला गेलो. मी पुढच्या सीटवर. शेंद्र्याच्या अलीकडं एक दूधवाला दोन्हीकडं कॅन लटकवून सायकलवर अगदी रस्त्याच्या मधून चालला होता. आक्का, माझा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला आणि तोंडातून निघालं, “अरे, दिसत नाय का तुला!” मी म्हणालो हे!  सत्यमनं वेग कमी केला, दूधवाला बाजूला होईपर्यंत थांबला आणि मग हळूच पुढं काढली. बापासमोर साळसूदपणा, असं मला वाटलं. पण मग माझ्याकडं बघ. एसीत बसून पाच मिनिटं झाली नव्हती आणि रस्ता माझ्या बापाचा झाला होता. मग सत्यमनं तर कंपनीत जायला रोज एवढा रस्ता काढायचा, वर शिफ्टला उशीर झाला तर साहेबाचं ऐकायचं.

तरी म्हणून सोडून द्यायचं का? बारशाला त्याच्या कानात नाव तू सांगितलंस, तेव्हा तो कान धरायचा हक्कही तुझाच. त्याला फोन कर. पिशोरच्या कुणीतरी तुझी गाडी जालना रोडवर पाहिली, असं सांग आणि चांगला झाड. सायकलीचं नाव काढू नकोस.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सांडू

ता. क. : ‘समोरून’ची गोष्ट राहिली. मी त्या वेळी उलट्या बाजूनं चाललो होतो. दुभाजकाच्या फटीपर्यंतच. सगळेच जातात. सत्यमला झाडताना हा भाग वगळ.

ता. क. दुसरा : हे पत्र मी हैदरच्या दुकानात बसून लिहितोय. कसं जमलंय म्हणून त्याला वाचून दाखवलं. दूधवाल्यापर्यंत आलो तसा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, “सांडूभाई, ये खत नक्को भेज. तेरा पोट्टा उसी दिन यहाँ आया था. मेरे कू कसम डाला, अण्णा कू नक्को बोलो.”

मग हैदरनं सगळं सांगितलं. शिवी देऊन पुढं गेल्यावर सत्यमनं आरशात पाहिलं. गुडघे बाहेर काढून पायडल मारणारा म्हातारा या शहरात एकच आहे. क्रांती चौकातून त्यानं गाडी वळवली आणि माझ्या मागं मागं, सायकलच्या वेगानं, शहागंजपर्यंत आला. त्या दिवशी वाटभर मागून हॉर्न वाजत होते. मला वाटलं, मला वाजवतायत, आणि मी मागं न बघता सगळ्यांना शिव्या घातल्या. ते हॉर्न त्याला वाजत होते, आक्का. माझ्या मागं कुणी येऊ नये म्हणून तो मध्ये चालला होता. मी रिक्षात बसल्यावर तो दुकानात आला. हैदर म्हणतो, आधी त्यानं सायकल पुढून मागून तपासली. माझ्या सायकलला नवे ब्रेक आणि मागं लाल दिवा लावायला सांगून गेला. दिवा मी मंगळवारीच पाहिला होता. हैदरची दोस्ती समजून मनात त्याला दुवा दिली होती.

ता. क. तिसरा आणि खरा : फोन करू नकोस, तू स्वतःच ये. पिशोरहून सकाळची एसटी धर. तुझी भावजय होती तोवर मी तिला सांगायचो, ती त्याला सांगायची; त्याचं माझ्यापर्यंत तसंच यायचं. ती गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांपासून लपवूनच एकमेकांची काळजी घेतोय. (सोनियाला सांगावं, तर ती स्पीकर लावते.) मी आज सायकल घरी नेतोय, दारातच लावणार आहे. संध्याकाळी तो येईल, सायकल बघेल, आणि आम्ही दोघंही उन्हाविषयी बोलू. चार दिवस येऊन राहा आक्का, आमच्या दोघांच्या मध्ये बसायला घरात कुणी नाही.